घरचा आकडा

काका रविवारी सकाळी दहाच्या ठोक्याला दुकानात शिरले ते फाइल काखोटीला मारूनच. मागच्या खोलीत बाकीचे आधीच जमले होते. त्यांच्या बहिणीने, ताईने, फाइल पाहिली आणि भिंगरीच्या कानाशी लागून म्हणाली, "आला बघ पंचनामा घेऊन." कुजबुजायचं कसं हे ताईला साठ वर्षांत जमलं नव्हतं, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं.

काकांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. एकतीस वर्षं वजनमापे निरीक्षक म्हणून दुकानादुकानांतले काटे तपासण्यात गेली होती आणि त्या काळात याहून वाईट स्वागतं त्यांनी पचवली होती. निवृत्त होऊन दोन महिने झाले तरी ते खुर्चीवर बसण्याआधी ती डगमगते का हे हाताने हलवून पाहत. आजही पाहिलं, मग बसले.

घरातले सगळे मोठे निर्णय दुकानाच्या या मागच्या खोलीत व्हायचे, कारण काकांच्या थोरल्या भावाला, दादाला, हात रिकामे ठेवून विचार करता येत नसे. पुढे काचेचं काउंटर, बुटांचे खोके आणि गिऱ्हाइकांच्या रॅकेटी विणायचं नवं इलेक्ट्रॉनिक मशीन. मागे एक लांब टेबल आणि आप्पांचं जुनं, हाताने फिरवायचं मशीन. आप्पा, या भावंडांचे वडील, जाऊन आठ वर्षं झाली होती. त्यांच्या मशीनवर आता एकाच खेळाडूच्या रॅकेटींचं गटिंग, म्हणजे 'गट' या तारेची विणाई, होत असे. ती खेळाडू, म्हणजे दादाची मुलगी, टेबलाच्या टोकाला पाय वर घेऊन बसली होती. लहानपणी स्वतःभोवती गिरक्या घेत सगळ्या दुकानात सांडलवंड करायची म्हणून भिंगरी. वय अठ्ठावीस, टेनिसच्या जागतिक क्रमवारीत चारशे बारावी.

"उद्या सकाळी दहापर्यंत हिला क्लबला उत्तर द्यायचंय," वहिनींनी, भिंगरीच्या आईने, सुरुवात केली. प्रसूतिगृहात नर्स असल्याने त्यांना पाल्हाळ लावायची सवय नव्हती. "मुख्य प्रशिक्षकाची जागा आहे. घरापासून दहा मिनिटं. हो म्हटलं तर मंगळवारपासून हजर व्हायचं. मग उद्या रात्रीची गाडी नाही, परवाची स्पर्धा नाही, पुढची कुठलीच नाही. भावोजी, तुम्हाला काय वाटतं ते सांगा."

"तो काय सांगणार ते फाइलच सांगतेय," ताई म्हणाली.

दादा भिंगरीच्या तीन रॅकेटींपैकी दुसरी मशीनवर चढवून गट ओढत होता. दांडा फिरवायचा, खट्ट आवाज आला की चिमटा लावायचा, पुढचं छिद्र. तो आणि ताई एका बाजूला आहेत आणि वहिनी दुसऱ्या, हे काकांना ठाऊक होतं. पारडं कुणीकडे झुकणार ते आपल्यावर आहे याची त्यांना थोडी मजाही वाटत होती, हे कबूल करायला हवं.

त्यांनी फाइल उघडली. आत एक रजिस्टर होतं, ठसठशीत रेघा मारलेलं. पुतणीची प्रत्येक स्पर्धा त्यात होती. स्पर्धा, पहिली फेरी, दुसरी फेरी, शेरा. इतकं व्यवस्थित रजिस्टर ज्याच्यावर माया आहे त्याचंच कुणी ठेवतं, पण हे काकांना कधी तोंडाने सांगता आलं नव्हतं.

"अकरा वर्षं. एकशे बेचाळीस स्पर्धा," त्यांनी वाचलं. "पहिली फेरी जिंकली सत्त्याण्णव वेळा. दुसरी फेरी जिंकली सहा वेळा. त्यातल्या चारदा समोरच्या मुलीने दुखापतीमुळे मॅच सोडली."

"आणि दोनदा?" ताईने विचारलं.

"दोनदा समोरचीला ताप होता."

"सात वेळा, काका," भिंगरी म्हणाली. "तुम्ही एक विसरलात."

"सातव्यांदा समोरची आलीच नव्हती. ती मी धरलेली नाही."

भिंगरीला हसू आलं. दादाला नाही आलं. "आणि इथल्या स्पर्धांचं काय?" तो मान वर न करता म्हणाला. "आपल्या क्लबवर तीन झाल्या. दोनदा फायनल, एकदा सेमीफायनल. ते नाही दिसत तुझ्या रजिस्टरात?"

"त्या वेगळ्या पानावर आहेत. माणसाला आपलं अंथरूण आणि आपलं जेवण मिळालं की चार दिवस बरे जातात. ते प्रमाण धरायचं नसतं."

"प्रमाण म्हणे. पोरगी आहे ती, साखरेचं पोतं नाही."

"दादा, मी तिच्या वाईटावर नाहीये."

"मग कोण आहे? मी?" वहिनींचा आवाज चढला नाही, पण त्या उभ्या राहिल्या. "अकरा वर्षं मी हिला गाडीवर सोडायला जाते आणि आणायला जाते. तिसऱ्या दिवशी फोन येतो. हॅलो म्हणायच्या आधी हिच्या श्वासावरून मला कळतं. तुम्ही दोघं भाऊ निकालावर भांडता. तो श्वास मी ऐकते. मला तो आता ऐकायचा नाही."

काकांना आपलं रजिस्टर एकाएकी फार जाड वाटायला लागलं.

"तुझं तू बोल ना गं," अखेर ताई भाचीला म्हणाली. "तुला काय करायचंय?"

भिंगरीने गुडघ्यावर हनुवटी टेकवली. "मला खेळायचंय. पण आई म्हणते ते खोटं नाही. पहिल्या मॅचला सगळं माझ्या हातात असतं. दुसऱ्या दिवशी तीच मी, तोच फटका, आणि चेंडू दोन वीत अलीकडे पडतो. मग मी जोर लावते. मग कोपर दुखायला लागतो. सगळे म्हणतात बाहेर गेली की हिचा हात आखडतो. कोच म्हणाले, तू जिंकायला घाबरतेस. मनाच्या डॉक्टरांनी श्वास मोजायला शिकवलं. आता मी श्वास मोजते आणि हरते."

"दर वेळी अलीकडेच पडतो?" काकांनी विचारलं.

"हो."

"कधी पलीकडे, लांब?"

"पहिल्या मॅचला जातो एखादा. दुसऱ्या मॅचपासून नाही. कायम तोकडा."

काका एकदम ताठ बसले. दुकानदाराने सांगितलेल्या पाच गोष्टींतली एक जुळत नाही असं लक्षात आलं की ते पूर्वी असेच बसायचे. एकतीस वर्षांच्या नोकरीत ते एक गोष्ट पक्की शिकले होते. चूक कधी इकडे आणि कधी तिकडे होत असेल तर ती माणसाची. कायम एकाच बाजूला आणि तेवढीच होत असेल तर ती काट्याची. भीती ही माणसाची गोष्ट. ती काय दर वेळी दुसऱ्याच दिवशी, दोन वीत मोजून येते?

"पहिल्या मॅचनंतर काय बदलतं?" त्यांनी फाइल बाजूला सारली. "नीट आठवून सांग. खाणं?"

"तेच असतं."

"बूट? झोप? मैदान?"

"काका, काही नाही बदलत. चेंडूसुद्धा त्याच कंपनीचे असतात."

"काहीतरी बदलतं."

"गट बदलतो," भिंगरी म्हणाली, आणि ते इतकं उघड होतं की तिने खांदे उडवले. "आप्पांचा नियम नाही का? एका मॅचचा गट दुसऱ्या मॅचला नको. तिन्ही रॅकेटी कापायच्या आणि नवा घालून घ्यायचा. घरून नेलेल्या पहिल्या मॅचला लागतात. पुढच्यासाठी तिथल्या गटिंगवाल्याला चिठ्ठी लिहून देते."

"कितीवर?"

"चोपन्न पौंड. हे काय विचारणं झालं?"

विचारायची गरजच नव्हती खरं तर. चोपन्न हा घरचा आकडा होता. भिंगरी सतराची असताना आप्पांनी महिनाभर तिला डोळे मिटून चेंडू मारायला लावले, रोज ताण बदलला आणि एका संध्याकाळी मशीनच्या सुईवर बोट ठेवून सांगितलं, हा तुझा आकडा, कुणी काहीही सांगो, बदलायचा नाही. त्याच उन्हाळ्यात ती पहिल्यांदा बाहेर खेळायला गेली.

काकांची नजर मशीनवर गेली आणि तिथेच थांबली.

त्या मशीनला त्यांनी एकतीस वर्षांत हात लावला नव्हता. नोकरीच्या पहिल्या महिन्यात, नवा काटा आणि नवा रुबाब घेऊन, ते आप्पांचं मशीन तपासायला आले होते. आप्पांनी त्यांना पुढच्या दारापर्यंत नेऊन सोडलं होतं. माझ्या हाताला तुझ्या सरकारचा शिक्का नको, म्हणाले होते. त्यानंतर दुकान आपोआप दादाचं झालं आणि काका पाहुण्यासारखे येऊन बसू लागले. कुणी त्यांना ये म्हटलं नाही असं नाही, पण मागच्या खोलीत त्यांना कुणी कधी काही काम सांगितलं नाही.

त्यांनी पिशवीत हात घातला. निवृत्तीच्या दिवशी ऑफिसातल्या लोकांनी त्यांना एक नवाकोरा स्प्रिंगचा काटा भेट दिला होता. लोक अशा वेळी मनगटी घड्याळ देतात, पण ऑफिसातले लोक काकांना ओळखून होते. काटा पिशवीतच असायचा.

"दादा, मशीनला काटा लावू?"

दादाचा हात दांड्यावर थांबला. "आप्पांनी तुला नाही म्हटलं होतं."

"आप्पांना तेव्हा विचारलं होतं. आता तुला विचारतोय."

"म्हणजे तुझं म्हणणं, मशीन खोटं आहे? याच मशीनवर आपलं घर उभं राहिलं. मी माझ्या हाताने विणलेल्या रॅकेटी..." दादाने दांडा सोडून दिला. काकांना कळलं की दादाला ते काय विचारताहेत हे नीट समजलेलं आहे, आणि म्हणूनच तो इतका चिडलाय. मशीन बरोबर निघालं तर काकांची फजिती, एवढंच. चूक निघालं तर अकरा वर्षांचा भार दादाच्या हातावर येणार होता. क्षणभर काकांनी काटा परत पिशवीत टाकायचा विचार केला. मग त्यांनी भिंगरीकडे पाहिलं आणि काटा टेबलावर ठेवला.

"लावू द्या त्यांना," वहिनी म्हणाल्या.

दादाने बायकोकडे पाहिलं. नोकरीच्या बाजूने सकाळपासून हट्टाला पेटलेली हीच बाई. "तुला कशाला हवंय?"

"मला माहीत करून घ्यायचंय."

दादाने रॅकेट मशीनवरून उतरवली. "मी फिरवतो," तो म्हणाला. "तू फक्त वाच."

गटाचं एक टोक मशीनच्या जबड्यात, दुसरं काट्याच्या हुकाला, काटा टेबलाच्या पायाला बांधलेला. दादाने सुई चोपन्नवर आणली आणि दांडा फिरवला. गट ताणला गेला. खट्ट आवाज झाला. काका खाली वाकले. चष्मा पुसला, पुन्हा वाकले.

"साडेचोवीस किलो यायला हवेत," ते म्हणाले. "पावणेबावीस आहेत."

"म्हणजे?" ताई.

"अठ्ठेचाळीस पौंड."

"पुन्हा बघ," दादा म्हणाला.

तीनदा पाहिलं. तिन्ही वेळा पावणेबावीस. मग दादाच उठला, काटा घेऊन पुढे गेला आणि गिऱ्हाइकांच्या नव्या मशीनला तो लावला. चोपन्नचं बटण दाबलं. साडेचोवीस, बरोब्बर. काटा खरा होता. दादा परत आला तो भिंतीला हात लावत, आणि खोक्यावर बसला.

ताईला या सगळ्यात एकच प्रश्न पडला होता. "पण गट सैल असला तर चेंडू जवळ पडेल ना?"

"उलटं असतं, आत्या," भिंगरी म्हणाली. तिचा आवाज कुठूनतरी लांबून येत होता. "सैल असला की चेंडू लांब जातो, हातालाही सोपं. घट्ट असला की तोकडा पडतो, आणि कोपर दुखतो." ती थांबली. "इथे सगळा गट याच मशीनवरचा, बाहेर खरा चोपन्न. सहा पौंड घट्ट. दर वेळी दुसऱ्या मॅचला. मी स्वतःच्या अक्षरात लिहून देत होते."

"आप्पा सुईकडे बघायचेच नाहीत," दादा म्हणाला. "बोटाने गट छेडून बघायचे. आकडा फक्त आमच्यासाठी सांगितला, आम्हाला समजावं म्हणून. आणि आम्ही तो आकडाच धरून बसलो. मी बसलो. माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही, की..."

"बाबा."

"नोकरी घे बाळा. तुझी आई बरोबर सांगतेय. माझ्यामुळे तुझी..."

"बाबा, थांबा ना." भिंगरी उभी राहिली होती. ती बापाकडे बघत नव्हती, काकांकडेही नाही. "म्हणजे मी घाबरत नव्हते."

ती वहिनींकडे वळली.

"आई, ऐकलंस का? मी घाबरत नव्हते."

वहिनींनी तिला जवळ ओढलं तेव्हा ती रडली, पण ते रडणं काकांनी आजवर घरात ऐकलेल्या कुठल्याही रडण्यासारखं नव्हतं. मध्येच हसूही येत होतं. ताईने पदराने डोळे टिपले आणि टिपता टिपता म्हणाली, "मनाच्या डॉक्टरला आधी या मशीनसमोर बसवा."

काकांनी रजिस्टर मिटलं. सकाळी जे सांगायचं ठरवून आले होते त्याच्या नेमकं उलट सांगायची वेळ त्यांच्यावर नोकरीत कधी आली नव्हती. "दादा, मी जमवलेला सगळा पुरावा रद्द आहे," ते म्हणाले. "काटा चुकीचा असला की त्या काट्यावरची सगळी मापं रद्द धरतात. नियमच आहे. हिच्या नावावर बाहेर खरी दुसरी फेरी अजून एकही झालेली नाही. तिला जाऊ दे."

"तू म्हणतोस जाऊ दे?"

"मी म्हणतो."

दादाने मान हलवली. "मला नाही धीर होत. मी सांगणार नाही जा म्हणून."

"तुम्ही नका सांगू," वहिनी म्हणाल्या. "क्लबला मी फोन करते उद्या."

"काय सांगणार, वहिनी?"

"सांगते, मुलगी कामावर आहे."

*

बुधवारी ती पहिली फेरी जिंकली. घरात कुणी हूं की चूं केलं नाही, पहिल्या फेरीचं कौतुक या घराने कधीच सोडून दिलं होतं. संध्याकाळी तिचा दादाला फोन आला. "बाबा, चिठ्ठीवर अठ्ठेचाळीस लिहिलं. हात चोपन्नकडेच वळत होता. गटिंगवाला म्हणाला, एवढं सैल? म्हटलं, घरचा आकडा आहे."

गुरुवारी साडेअकराला दादाने भर दिवसा दुकानाच्या दारावर 'बंद' अशी पाटी लावली. समोरची मुलगी दुसरी मानांकित होती, क्रमवारीत एकशे नव्वदावी. चित्र दिसायची सोय नव्हती. फोनवर नुसते आकडे बदलायचे, तेही आपल्या लहरीने. ताई ते मोठ्याने वाचत होती. वहिनी पुढच्या खोलीत बुटांचे खोके मापांप्रमाणे लावत होत्या, आणि तेच खोके त्यांनी तासाभरात दोनदा लावले.

पहिला सेट सहा-तीन. भिंगरीचा. दादाने टाळी वाजवायला हात उचलले आणि खाली ठेवले. दुसरा सेट चार-सहा गेला.

"पुन्हा तेच," दादा म्हणाला.

"तेच नाही," काका म्हणाले. "आजवर दुसऱ्या फेरीत हिने पहिला सेट कितीदा घेतला, सांगू? हा सेट समोरची चांगली खेळली म्हणून गेला. एवढंच. त्यात दुसरं काही शोधू नकोस."

"तुला काय माहीत?"

"मला फक्त एवढंच माहीत असतं, दादा. काटा बरोबर आहे की नाही. आज बरोबर आहे."

दादाने खुर्ची ओढली आणि काकांच्या शेजारी येऊन बसला. तिसरा सेट दोन-दोन झाला. मग तीन-दोन. मग बराच वेळ आकडा हललाच नाही आणि ताईने फोन दोनदा झटकला. चार-दोन. पाच-दोन. वहिनी हातात एक बूट घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या. चाळीस-पंधरा. चाळीस-तीस.

"सहा," ताई म्हणाली, आणि एकदाचं तिला कुजबुजायला जमलं. "सहा-दोन."

त्यानंतर काय झालं ते कुणाला नीट सांगता येणार नाही. दादा काकांच्या गळ्यात पडला हे नक्की, कारण काकांचा चष्मा मोडला. वहिनी हातातला बूट छातीशी धरून हसत होत्या. ताई शेजारच्या दुकानात सांगून आली, मग समोरच्या, मग रस्त्यावरून चाललेल्या एका अनोळखी बाईलाही.

दहा मिनिटांनी फोन वाजला. वहिनींनी तो उचलला आणि हॅलो न म्हणता नुसता कानाशी धरला. त्यांनी तो श्वास ऐकला. डोळे मिटून चांगला पोटभर ऐकला. मग फोन काकांकडे दिला.

"काका, लिहिलंत?"

"लिहितोय गं. शाई ओली आहे अजून."

"कोपर दुखत नाहीये. आणि चेंडू शेवटच्या रेघेवर पडत होते, शेवटपर्यंत. उद्या तिसरी फेरी. ती कुठे लिहिणार?"

काकांनी पान पाहिलं. मोडका चष्मा डोळ्यांशी धरून पाहिलं. बाहेरच्या स्पर्धांच्या पानाला दोनच फेऱ्यांचे रकाने होते. अकरा वर्षांत सहा-सात वेळा तिच्या वाट्याला आलेली तिसरी फेरी त्यांनी 'शेरा'तच उरकली होती, आणि त्या फेरीला वेगळा रकाना लागेल असं ते पान आखताना त्यांच्या मनातही आलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"जागा नाहीये," त्यांनी खरं ते सांगितलं.

"मग आखा," भिंगरी म्हणाली आणि तिने फोन ठेवला, कारण तिला रॅकेटी गटिंगला टाकायच्या होत्या.

दादाने काउंटरवरची स्टीलची पट्टी आणून काकांपुढे धरली. एक टोक त्याने स्वतः दाबून ठेवलं. काकांनी 'शेरा' हे शीर्षक खोडलं आणि तिसऱ्या फेरीची रेघ ओढली. "अजून," ताई म्हणाली. त्यांनी सेमीफायनलची ओढली. मग पट्टी आणखी थोडी सरकवून ते थांबले आणि वर पाहू लागले.

वहिनी त्यांच्या खांद्यावरून वाकून पान बघत होत्या.

"फायनलचा जरा रुंद ठेवा, भावोजी," त्या म्हणाल्या. "तिथे जास्त लिहावं लागेल."